उसना म्हातारा

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचा जिना अर्ध्यावरच संपल्यासारखा दिसत होता. सूनबाईनं सवयीनं दोन बादल्या पाणी तापवलं. एक आपली, एक सासूची. दुसरी बादली न्हाणीत नेऊन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. ऊन पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून तिनं त्यात चादरी भिजवल्या. सासू जाऊन एकवीस दिवस झाले होते आणि चादरी तिसऱ्यांदा धुतल्या जात होत्या.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे, पण ज्येष्ठांच्या केंद्रात तिला दुसऱ्या नावानं कुणी कधी हाक मारली नव्हती. नवरा गेल्यावर घरात ती आणि सासू, दोघीच. सासूच्या जिभेला धार होती, पायांत बळ नव्हतं. अकरा वर्षं म्हातारीचं अंथरूण, औषधं, टोमणे सगळं हिनंच काढलं. त्यातली शेवटची सहा वर्षं ती तिला धरून धरून गल्लीच्या टोकाशी असलेल्या त्या केंद्रात न्यायची. दहा ते दोन.

म्हातारी तिथं जाऊन खुर्चीत झोपायची आणि सूनबाई जागी व्हायची. पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची, तोही नुसता नाही. मंत्र्याचा आवाज वेगळा, चोराचा वेगळा. पत्त्यांत चौथा गडी कमी पडला की मांडी ठोकून बसायची आणि बिनदिक्कत पानं लपवायची.

"सूनबाई, माझा चष्मा कुठाय गं?"

"कपाळावर, आजोबा. आता कपाळ कुठाय ते विचारू नका."

घरी दिवसाला दहा शब्द बोलणाऱ्या बाईचा तिथं बोलून बोलून घसा बसायचा.

पण केंद्रात साठीच्या आतल्या माणसाला प्रवेश नाही. सोबतीला आलेला चालतो, तोही ज्याला एकट्याला जमत नाही त्याच्याच सोबतीला. सूनबाई चोपन्न वर्षांची. सासू गेल्यावरही पंधरा दिवस व्यवस्थापकबाईंनी काणाडोळा केला. पूर्वी नर्स होत्या त्या, मनानं वाईट नव्हत्या. शेवटी त्यांनी तिला आत बोलावून घेतलं.

"हॉल चाळीस खुर्च्यांचा, आणि सत्तर नावं बाहेर थांबलीत. लोक मला विचारतात, ही आता कुणाची सोबत?"

"मी काम करीन की. कपबश्या धुते, झाडते. एक पैसा नको."

"कामाला दोघीजणी आहेत. फुकटची तिसरी ठेवली तर त्यांच्या पोटावर पाय येईल. साठ झाले की या. पहिलं नाव तुमचं."

"सहा वर्षं आधी म्हातारं व्हायचं तर अर्ज कुठं करायचा, बाई?"

व्यवस्थापकबाई हसल्या. सूनबाई हसवायला बोलली नव्हती.

त्यानंतरचे दिवस घरात गेले. चौथ्या दिवशी दूधवाल्यानं "किती?" विचारलं, तर तिच्या तोंडून आवाजच फुटेना; तिनं बोट दाखवलं. काल दुपारी ती खिडकीची कडी लावायला गेली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली बघत उभी राहिली. किती वेळ, ते तिचं तिलाच कळलं नाही. मागं सरली तेव्हा पाठ घामानं भिजली होती. भर थंडीत.

आज चादरी पिळून दोरीवर टाकल्या आणि ओल्या हातांनीच ती एक मजला उतरून ड्रायव्हरकाकांच्या दाराशी गेली. काका एकोणऐंशीचे. बत्तीस वर्षं बस चालवलेली. मुलगा-सून कामावर गेली की भिंत धरून खिडकीपर्यंत जायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना शिव्या घालत बसायचे. मुलानं त्यांचं नाव केंद्रात कधीच घातलं होतं, नंबरही लागला होता, पण काका एकदाही गेले नव्हते.

"काका, केंद्रात चला माझ्याबरोबर."

"त्या म्हाताऱ्यांत? मला काय धाड भरलीय?"

"तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. म्हातारं माणूस बरोबर असल्याशिवाय मला आत घेत नाहीत."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तुला म्हातारा उसना पाहिजे होय!"

"हो. आणि बाईंनी विचारलं तर एवढंच म्हणायचं, मला एकट्याला जमत नाही."

"पन्नास पन्नास माणसं मागं बसवून घाट उतरवलेत मी. मी म्हणू, जमत नाही?"

"काका, मी सहा दिवस कुणाशी बोलले नाही," ती म्हणाली. मग खिडकीचं सांगितलं.

काका बराच वेळ गुडघा चोळत राहिले. "स्वेटर दे तो खुंटीवरचा," ते म्हणाले. "म्हणतो. एकदा काय, दहादा म्हणतो."

जिना उतरायला वीस मिनिटं लागली. गल्लीत तिनं त्यांच्या दंडाला धरलं होतं, आणि काकांनीही आपला सगळा भार तिच्यावर टाकला होता. केंद्राच्या दारात व्यवस्थापकबाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदा सूनबाईकडे पाहिलं, एकदा काकांकडे. पेनाचं टोपण काढलं.

"एकट्याला येता येतं का, काका?"

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात हॉलच्या पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "अरे, ड्रायव्हरसाहेब! आता धरून आणावं लागतं व्हय तुम्हाला?"

काकांचा जुना कंडक्टर. तोंडात दात नव्हता, पण आवाज तोच, भरल्या बसला मागं सरकवणारा. पत्त्यांवरची चार डोकी वळली.

"कोण धरतंय रे मला?" काका गरजले. "वाटेत भेटली, म्हणून आली बरोबर."

त्यांनी दंड सोडवून घेतला आणि चालायला लागले. एक पाऊल, दोन. गुडघा लटपटला, पण थांबले नाहीत. अख्खा हॉल ओलांडून कंडक्टरच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन धपकन बसले. टाळ्या पडल्या.

व्यवस्थापकबाईंनी वहीत काकांचं नाव लिहिलं. सोबतीचा रकाना मोकळा ठेवला.

"तुम्ही बघितलंतच," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सूनबाईनं मान हलवली. आत कुणीतरी म्हणत होतं, "अरे, आपली सूनबाई ना ती? बोलवा की तिला, पेपर तसाच पडलाय." पुढचं ऐकू येऊ नये म्हणून ती भराभर चालत सुटली.

दोन वाजून गेल्यावर दार वाजलं. कंडक्टरनं काकांना वर आणून सोडलं होतं आणि तो खाली जिन्यात दम खात बसला होता. काका चौकटीला धरून उभे.

"तोंडातून निघून गेलं गं. त्याच्यासमोर 'जमत नाही' म्हणवेना."

"असू दे."

"उद्या सांगतो बाईंना. खोटं बोललो म्हणतो."

"चालून दाखवलंत, काका. आता कोण खरं मानेल?"

काका खाली मान घालून म्हणाले, "नोकरी सुटल्यापासून एवढं हसलो नव्हतो." चौकटीवरची पकड बदलत, "उद्या येशील? जिन्यापुरतं. खाली उतरलं की मी जाईन."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्याला किती दिवसांनी रंग आला होता.

"साडेनऊला तयार राहा," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला.

दार लावून ती आत आली. तोवर गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाऊन ओट्यावर करपलं होतं. तिनं गॅस बंद केला, पातेलं मोरीत ठेवलं, काथ्या घेतला आणि ओटा घासायला लागली.