दुसऱ्या सिलिंडरचा प्लग

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरची गाडी दुरुस्त करायला जाऊ नये, हे मला त्या दोन आठवड्यांत पुरतं कळलं.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पेट्रोलवरचा जुना छोटा ट्रक. कोल्हापुरातून पेंडीची पोती भरायची आणि कागलच्या आसपासच्या गावांत म्हशीवाल्यांच्या दारात उतरवायची, हा त्यांचा धंदा. सत्तरी उलटली तरी स्टिअरिंग सुटलं नव्हतं. दिवाळीआधी गाडीचं आरटीओत पासिंग होतं. त्यात नापास झाली तर ती भंगारात द्यायची, असं घरात ठरलं होतं. ठरवलं मी होतं आणि आबांनी नुसती मान डोलावली होती. गाडी गेली की त्यांचं घराबाहेर पडणं संपणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि नेमकी दसऱ्यानंतर गाडी मिसिंग मारायला लागली. रिकामी असली की गुणी बाळ. पोती भरली आणि चढ लागला की धक्के, फटफट आणि मागून काळा धूर. असला धूर सोडत पासिंगला जाण्यात काही अर्थच नव्हता.

मी इंजिनात ठिणगी पाडणारे चारही प्लग काढले. तिघांची टोकं छान बिस्किटी रंगाची, दुसऱ्या सिलिंडरचं तेवढं काळंकुट्ट आणि ओलं. म्हटलं, सापडला चोर. नवा प्लग घेतला. दोन दिवसांत तोही काळा. दुकानदार म्हणाला, हा डुप्लिकेट असणार, भारीतला घ्या. भारीतला घेतला, तोही काळा. आमच्या मिस्त्रींचं मत पडलं की जुन्या इंजिनला गरम प्लग लागतो, तो आपली काजळी आपणच जाळतो. पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या मिस्त्रींनी सांगितलं की गरम प्लगने पिस्टन जाईल, थंडच बसवा. करवतीचं पातं घालून फट मापणारे हे दोघे मला उष्णतेचे धडे देत होते आणि मी मुकाट ऐकत होतो. मी फट मापायचं फिलर गेज आणून ती अगदी तंतोतंत लावली. प्लग काळाच.

मग दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात घातला. तिथे तो शहाण्यासारखा चालला आणि दुसऱ्यात गेलेला चांगला प्लग काळा पडला. म्हणजे दोष प्लगचा नव्हताच. सातवीतल्या मुलानेही हे ओळखलं असतं. मी काय केलं, तर प्लगची वायर बदलली आणि टोकाची रबरी कॅप जुनीच ठेवली, कारण ती धडधाकट दिसत होती. रोज शाळा सुटली की हात काळे करायचे आणि रात्री बायकोचे टोमणे ऐकायचे. आबा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग यायला लागला होता.

पासिंगला चार दिवस उरले असताना सकाळी बॉनेट उघडलं, तर इंजिनावर लाल मुंग्यांची रांग. प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो त्यातल्या दुसऱ्या खड्ड्यात ती उतरत होती. कॅप उपटली. आत चिकट, वाळलेला थर होता. त्या थरावरूनच ठिणगी बाहेर पळत होती आणि न जळलेलं पेट्रोल प्लग काळा करत होतं. बोट लावून वास घेतला. नारळ!

आमच्याकडे खंडेनवमीला गाडी पुजतात, हार घालतात आणि चाकापाशी नारळ फोडतात. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "औंदा पासिंग हाय न्हवं, म्हणून पाणी इंजिनलाच घातलं."

दोन आठवड्यांचा राग एकदम बाहेर आला. नको ते बरंच बोललो. शेवटी म्हणालो, "गाडी तुम्हीच बिघडवलीत, आबा. वय झालं आता तुमचं. बसा की घरी." आबा उठले. स्टूल उचलून आत गेले.

खड्डा पुसला, नवी कॅप घातली. एवढंच काम होतं. भरलेल्या पोत्यांसह चढावर गाडी एकदाही अडखळली नाही आणि शुक्रवारी पासही झाली. मी पेढे घेऊनच घरी आलो. किल्ली आबांच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्या तळहातावर ठेवली.

"तूच चालीव आता. तू म्हणलास ते खोटं न्हाय."

मी माफी मागितली. दोनदा मागितली. ते हसले, पेढा खाल्ला आणि गिऱ्हाइकांची गावं मला नीट सांगत बसले.

आता दर रविवारी पेंड मी पोचवतो. म्हशीवाले गाडीचा आवाज ओळखून बाहेर येतात, मला बघतात आणि म्हातारं कुठं हाय म्हणून विचारतात. निघताना मी आबांना दरवेळी चला म्हणतो. ते म्हणतात, पुढच्या खेपेला बघू. गाडी चढावर इतकी सुरळीत चालते की मला तिचा राग येतो.