दोनशे बार आणि एक ठोका

"वाजवायला काय, कोणीही वाजवतं. न वाजवता बसून दाखव."

आमच्या ऑर्केस्ट्रात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला काका हे इंग्रजीत ऐकवायचे आणि चहाच्या सुट्टीत मला मराठीत. बोलत असतानाही त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. मध्येच काही विचारलं तर म्हणायचे, "मोजून राहिलो ना, थांब."

तुम्ही कधी अशा मैफिलीला गेला असाल तर तो माणूस तुम्हीही पाहिला असेल. सगळ्यांच्या मागे, ढोल आणि झांजांच्या गर्दीत नुसता बसलेला. पाऊण तास तो काहीच करत नाही. आपल्याला वाटतं, बरी नोकरी आहे बुवा. मग तो उठतो, माणसाच्या छातीएवढ्या काशाच्या थाळीवर एक ठोका मारतो आणि परत बसतो. मँचेस्टरमध्ये वीसेक वर्षं तो माणूस म्हणजे आमचे काका. मी त्याच ऑर्केस्ट्राच्या म्युझिक लायब्ररीत काम करते. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

ते मूळचे नागपूरचे. वडील लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे, म्हणून यांनी ढोलाला हात लावायचा नाही असं घरात ठरलेलं. इंजिनियरिंग शिकायला इथे आले. एका फुकटच्या कार्यक्रमात त्यांनी मागे बसलेला असा एक माणूस पाहिला. "सगळे मजेत वाजवत होते, आणि तो एकटा घाबरलेला होता. मला वाटलं, हे माझं काम आहे."

भित्रे तर ते होतेच. खिशात दोन चष्मे, कार्यक्रमाच्या दोन तास आधी हजर. भीमजयंतीला हॉल भाड्याने घेतला की खुर्च्या पुरतील का या काळजीने ते सकाळपासून दारात उभे. पण स्वतःच्या भीतीचा त्यांना अभिमानही होता. "जुन्या म्युझिकमध्ये काय भ्यायचं? एक-दोन-तीन-चार, चालले आपले. गेल्या शतकातल्या लोकांनी सगळं मोडलं. हा बार पाचचा, पुढचा सातचा, त्यापुढचा तीनचा. सूर ओळखीचा नाही, की आता हे येणार म्हणून धरून बसावं. मोटारीचे ब्रेक दिले आम्हाला वाजवायला, साखळ्या दिल्या, आणि दोनशे-दोनशे बार गप्प बसायला दिलं. काम वाढवलं, पण बसवलं मागेच." शेवटचं वाक्य म्हणताना ते हसायचे. ते हसू मला कधी पूर्ण कळलं नाही.

बार म्हणजे तालाचा एकेक तुकडा. ते मोजताना चुकू नये म्हणून वादक आपापल्या छापील वहीत, म्हणजे पार्टमध्ये, पेन्सिलीने खुणा करतात. ही नव्या संगीताची पुस्तकं बहुतेक भाड्याने आणलेली असतात आणि ती कोरी करून परत पाठवावी लागतात. ते खोडायचं काम माझं. मला ते मनापासून आवडतं. घरी ओटाही मी असाच पुसते, असं नवरा म्हणतो. काकांच्या पार्टमध्ये पूर्वी तीन-चारच खुणा असायच्या, फक्त मला वाचता येतील अशा, मराठीत. "ओबोवाली बाई पाणी पिते. अजून चाळीस." ओबो म्हणजे इकडची सनई.

दोन वर्षांपूर्वी एक लांबलचक रचना होती. काकांनी दोनशे बार गप्प बसायचं आणि मग एकच ठोका. गुरुवारी मँचेस्टरला उत्तम झाली. शुक्रवारी सकाळी मी सवयीने मागच्या रांगेपासून खोडायला सुरुवात केली, म्हणजे काकांच्या पार्टपासून.

पान खुणांनी काळं झालं होतं. पाच-पाच बारला काहीतरी. "थांब." "अजून नाही." "व्हायोला रडतो, तू गप्प." "चष्मा पूस." मला हसू येत होतं, आणि हसत हसत मी खोडत होते. तिसऱ्या ओळीला माझं हसू गेलं. हे मोजणाऱ्या माणसाचं पान नव्हतं. हा माणूस मोजू शकत नव्हता, आणि ते त्याने सगळ्यांपासून लपवलं होतं. तिथे माझा हात थांबायला हवा होता. पण हाताला सवय असते. पान कोरं झालं, आणि मग मी वेळापत्रक पाहिलं. रविवारी दुपारी तीच रचना नॉटिंगहॅमला होती.

शेवटचा कार्यक्रम झाल्याशिवाय खोडायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. नोकरीवर माझा व्हिसा होता. काकांना एक फोन केला असता तर निभावलं असतं, पण फोन करायचा म्हणजे काय केलं ते सांगायचं. मी पान खिडकीशी तिरकं धरलं. पेन्सिलीचा दाब कागदावर उरतो. त्यावरून एकेक अक्षर मी परत गिरवलं. एकाच जागी कागद आधीच खरबडीत झाला होता, काकांनीच तिथे पुन्हा पुन्हा लिहून खोडलं होतं. शेवटची खूण होती ती. बासरी अमुक वेळा थांबली की मार. कितीदा? सगळ्यांचं वादन एकत्र लिहिलेली पूर्ण वही ताल देणाऱ्या संचालकांबरोबर घरी गेलेली. गुरुवारी ऐकल्याचं मला 'दुसऱ्यांदा' असं आठवत होतं. मी तसं लिहिलं.

रविवारी मी तिसऱ्या रांगेत बसले. काकांनी पान उघडलं आणि ते थबकले. माझं अक्षर त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी मान वर करून प्रेक्षकांत पाहिलं. मी खाली बघितलं. मग सुरू झालं. दोनशे बार संपत आले. शेवटी सगळी वाद्यं गप्प झाली आणि एकटी बासरी उरली. ती एकदा थांबली. परत सुरू झाली. दुसऱ्यांदा थांबली, आणि काका उभे राहिले. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं. तीन दिवसांपूर्वीचं ज्याला आठवत होतं, तो त्या कागदावर विसंबला नसता. ते विसंबले.

बासरीने पुढचा सूर उचलला आणि त्यावर ठोका पडला. बासरीवाली दचकली, संचालकांचा हात हवेत राहिला. माझ्या शेजारच्या बाई हलकेच म्हणाल्या, "हाऊ पॉवरफुल." प्रेक्षकांना तो तसाच लिहिलेला वाटला. तो आधीच पडला, हे मंचावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

मंगळवारी मॅनेजरनी मला बोलावून विचारलं, पार्टमध्ये काही चूक होती का. मी म्हणाले, "नाही." माझ्या आधी त्यांनी काकांना विचारलं होतं. काका म्हणाले होते, "मोजायला चुकलो." पुढच्या कार्यक्रमांच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही.

आठवड्याने ते कपाटाची किल्ली द्यायला लायब्ररीत आले. केंब्रिजला मुलीकडे जायचं ठरलं होतं.

"काका, मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगशील? याला पाच-पाच बारला लिहून ठेवावं लागतं म्हणून? ते नको सांगू."

"पण चूक माझी होती."

"या वेळची तुझी. नेक्स्ट टाइम माझी झाली असती." ते किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन आलो मी मार्चमध्ये. मुलीला माहीत आहे. आता तुला."

मला रडू यायला हवं होतं. खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. आता कोणीच काही बोलणार नव्हतं, माझी नोकरी राहणार होती. स्वतःच्या त्या सुटकेची मला अजून भीती वाटते. त्यानंतर मी त्यांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मुलीने उचलला.

त्या दिवशी ते "जय भीम" म्हणून दारापर्यंत गेले आणि वळले.

"रविवारी कुठं बसली होतीस तू? मला दिसली नाहीस."

"तिसऱ्या रांगेत."

"मग मी मारलं तेव्हा कसं वाटलं?"

मी म्हणाले, "छातीत धस्स झालं, काका. अजून तो आवाज जात नाही कानातून."

त्यांनी जरा विचार केला. चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे चांगला लागला," ते म्हणाले, आणि गेले.