केवढ्याला घेतला, अण्णा?

आमच्या भागात पुढारी ओळखायला ओळखपत्र लागत नाही. पांढरा कडक शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि शेजारी पांढरी गाडी दिसली की तो पुढारी समजावा. गाडी नसेल तर होऊ घातलेला पुढारी. लग्नसराईत मांडवातली पुढची रांग बघितली की जिल्ह्यातले सगळे कंपाउंडर एकाच वेळी रजा टाकून जेवायला आलेत की काय, असं मला वाटायचं. या रांगेत विश्वंभर अण्णा येऊन बसले की बगळ्यांत मोर शिरल्यासारखं दिसे. अण्णांच्या अंगावर पोपट असत, नाहीतर जास्वंद, नाहीतर केळीची पानं. एका उन्हाळ्यात तर अख्खी अननसाची बाग होती.

या गावच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा मी ऐन उन्हात तलवाड्याला एसटीतून उतरलो होतो. पुढं जायला काहीच मिळेना. तेवढ्यात मोटरसायकलवरून सूर्यफुलांचा एक मळा आला आणि माझ्यापुढं थांबला. "नवे गुरुजी न्हवं? बसा," मळा म्हणाला. आता, कोणीही शहाणा माणूस आधी आभार मानील. पण माझा स्वभाव जन्मापासून चिकट. किंमत विचारल्याशिवाय मला कुठलीच वस्तू नीट दिसत नाही. मी बसता बसताच विचारलं, "शर्ट केवढ्याला घेतला हो?" अण्णांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, आधी गावात तर चला. किंमत सांगितली तर हितंच चक्कर येऊन पडताल."

पुढं अण्णांच्या समोरच मला भाड्यानं घर मिळालं आणि त्या शर्टांचा सगळा कारभार रोज बघायला मिळाला. चैत्र लागला की अण्णा बीडला जात आणि उन्हाळ्याचा एक नवा शर्ट घेऊन येत. एकदा मलाही घेऊन गेले. दुकानदारानं शर्ट पुढं टाकला की हे तो उचलून थेट रस्त्यावर. "दुकानातल्या लाइटीत म्हस बी गोरी दिसती. उन्हात बघू द्या." उन्हात बघून झालं की कापड मुठीत आवळायचं, सोडायचं आणि सुरकुती किती वेळ रुसून बसते ते बघायचं. मग प्यायला दिलेल्या पेल्यातलं पाणी शर्टाच्या आतल्या शिवणीवर सोडून ती माझ्या रुमालानं घासायची. माझ्याच, कारण त्यांच्या रुमालावरही फुलं होती. दुकानदार हे सगळं दातओठ खात बघत होता. एवढं करून अण्णांनी शर्ट घेतला आणि दुकानदारानं सांगितलेली किंमत एक शब्द न बोलता देऊन टाकली. मला आतल्या आत कळ आली. बाहेर आल्यावर म्हटलं, "अहो, थोडी तरी घासाघीस करायची." अण्णा म्हणाले, "कापडासंगं केली न्हवं? आता माणसासंगं कावून करायची?"

शर्टाला किमती मात्र तीन असत. गोदावैनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, खऱ्याच्या निम्मी सांगायची. आबासाहेबांना दुप्पट सांगायची, कारण आबासाहेब म्हणजे पांढऱ्यांतले सगळ्यात पांढरे, गावातले मोठे जमीनदार, आणि त्यांचं तोंड उतरलेलं बघायला अण्णांना आवडायचं. खरी किंमत फक्त मला कळायची. ती ऐकून मी दर वर्षी म्हणायचो, "एवढ्यात माझे तीन शर्ट येतात, अण्णा. चौकड्याचे. आणि टिकतात." यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुमचा शर्ट टिकतो, गुरुजी. पण दिसतो का कुणाला?"

ही नुसती हौस नव्हती, हे समजायला मला दोन उन्हाळे जावे लागले. अण्णांकडं पद कुठलंच नव्हतं, पण गावाचं निम्मं काम त्यांच्याकडं. कुणाला गेवराईच्या तहसीलला न्यायचं, कुणाला बीडच्या दवाखान्यात. तिथल्या गर्दीत खेड्यातलं माणूस बावचळून जातं. अण्णा दारातच सांगत, "हुकलास तर माझ्या शर्टाकडं बघत ये." सरूआजीचं तर सगळंच त्या शर्टावर चाललेलं. आजीला माणसाचा चेहरा ओळखू येत नसे, पण रंग दिसत. सरकारकडून मिळणारा निराधारांचा पगार चालू ठेवायला तिला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे साहेबाला जाऊन दाखवावं लागे. आजी तहसीलच्या दारात कपाळावर हात धरून उभी राहायची, गर्दीत लाल-पिवळं काही हललं की सरळ तिकडं चालू लागायची आणि जाऊन अण्णांची बाही धरायची.

अशा माणसाला लोकांनी सरपंचाच्या निवडणुकीला उभं केलं यात नवल नाही. समोर आबासाहेब. अण्णा वरून थट्टा करत, पण त्यांना हे पद मनापासून हवं होतं. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, लई वर्सं साहेब लोकायच्या टेबलाम्होरं उभं ऱ्हायलो. एक डाव खुर्चीत बसून गावाचं काम करावं वाटायलंय." हे म्हणताना ते शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते. एवढं गंभीर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

गोदावैनींचा घोर वेगळाच होता. "एक डाव तरी माणसासारखं दिसा," असं त्या रोज म्हणत. "बॅनरवर पोपट बघून लोक मत न्हाई द्यायचे, दाणे टाकतील." अण्णांनी सगळा प्रचार फुलापानांतच केला. पण मतदानाच्या आदल्या दिवशी वैनींनी शर्टांच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि गुपचूप शिवून आणलेला पांढरा जोड बाजेवर ठेवला. उघड्या अंगानं मतं मागता येत नाहीत. अण्णा पांढरे होऊन बाहेर पडले.

मारुतीच्या पारावर नेमके आबासाहेब उभे. अण्णांना पांढऱ्यात बघून त्यांना इतका आनंद झाला की निवडणूक विसरून त्यांनी मिठीच मारली. "आरं बे अण्णा, शोभायलास की!" कुणीतरी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. दोन पांढरे शर्ट, एकमेकांच्या गळ्यात.

आमच्याकडं पक्ष बदलला हे कुणी तोंडानं सांगत नसतं. कपडा आणि फोटो बघून आपण समजून घ्यायचं असतं. चुली पेटायच्या आत गावभर झालं, अण्णा बसले, आबासाहेबांना मिळाले. अण्णांना याचा पत्ता नाही. ते घरोघर हात जोडत फिरत होते आणि लोक तुटकपणे म्हणत होते, "ऱ्हाऊ द्या अण्णा, कळलं आमाला." कळलं म्हणजे मत पक्कं, असं धरून अण्णा खुशीत पुढच्या घरी जात.

दुसऱ्या दिवशी मी मत देऊन शाळेच्या फाटकाबाहेर आलो तर अण्णा त्याच पांढऱ्या जोडात लांब लिंबाखाली उभे होते आणि सरूआजी रस्त्यात कपाळावर हात धरून चारीकडं बघत होती. अण्णा पुढं होऊन म्हणाले, "आजी, चल, फाटकापस्तोर सोडतो."

"सरक तिकडं! मला अण्णाकडं जायचंय."

"आजी, मीच अण्णा हाय."

"अण्णा असा मढ्यावानी पांढरा असतो व्हय? लबाड मेला!" म्हणत आजीनं हात झिडकारला, आणखी थोडा वेळ फुलं शोधली आणि ती नसल्यामुळं मत न देताच घरी निघून गेली. लिंबाच्या सावलीत परत येऊन अण्णांनी आपल्या बाह्यांकडं पाहिलं. काय झालं ते त्यांना तिथं कळलं.

अण्णा थोड्या मतांनी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समजूत घालायला गेलो तर गोदावैनी उंबऱ्यात बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. पेटी उघडी होती. अण्णा पोपटांचा शर्ट घालून आतून आले. "गुरुजी, उभ्या आयुष्यात एकच शर्ट महागात पडला बगा. पांढरा. बाकीचे समदे वसूल." एवढं बोलून ते हसले, पण गालातल्या गालात, आणि मला फार वाईट वाटलं. वैनींनी पुढं त्या पांढऱ्या शर्टाचं कापड फाडून त्यात श्रीखंडासाठी दही टांगलं. वाटीभर श्रीखंड मलाही आलं. फुकट असूनही ते मला गोड लागलं नाही.

सरपंच आबासाहेब झाले, कामं अण्णांकडंच येत राहिली. मत न दिलेले लोक आधी मान खाली घालून येत, मग नेहमीसारखे येऊ लागले. अण्णांनी कुणाला एका शब्दानं विचारलं नाही.

गेल्या चैत्रात अण्णा बीडहून नवा शर्ट घेऊन आले आणि चार-दोन दिवसांतच गेले. छातीत दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं आणि वैनी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं. आबासाहेब सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. तेरावा झाल्यावर वैनींनी मला हाक मारून तो शर्ट हातात ठेवला. लालभडक जास्वंद, मधून पिवळी पानं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"त्यानला घालणं झालं न्हाई. तुमी घाला. केवढ्याला, केवढ्याला म्हणून तुमीच तेवढं इचारायचात."

मी धीर करून म्हटलं, "वैनी, स्वस्तातच मिळाला होता त्यांना."

"म्हाईत हाय मला," वैनी म्हणाल्या. "निम्मी किंमत सांगायचे. मी दुप्पट धरत व्हते. पर कापड मऊ व्हतं हो. धुताना हाताला कळायचं."

वर्षभर तो शर्ट माझ्या ट्रंकेत पडून राहिला. या उन्हाळ्यात वीज गेली, घामानं चौकड्याचा शर्ट पाठीला चिकटला, आणि मी एकदाचा जास्वंद अंगात घातला. काय सांगावं! वाऱ्याची झुळूक शर्टाला आधी कळत होती, मला नंतर. एवढी वर्षं उगाच घाम गाळला, असं वाटलं. त्याच शर्टात ऐटीत तलवाड्याच्या बाजाराला गेलो. भाजी बघत होतो तर मागून कुणीतरी बाही घट्ट धरली. सरूआजी.

"चल," आजी म्हणाली.

म्हातारीला कसं सांगावं? मी हळूच म्हटलं, "आजी, मी अण्णा नव्हे. शाळेतला गुरुजी."

"म्हाईत हाय. अण्णा गेला तवा रडलेय मी. येड लागलंय व्हय मला? पर शर्ट हाय न्हवं?" आजीनं बाहीला हिसका दिला. "हयातीचा दाखला ऱ्हायलाय. चल गेवराईला."

भाजीची पिशवी तिथंच ठेवून मी आजीबरोबर एसटीत चढलो. खिडकीबाहेरून बाजारातला आणखी एक जण ओरडला, "गुरुजी, थांबा, माजं बी तहसीलला काम हाय!" आणि धावत येऊन मागं बसला. आजीनं बाही सोडली नव्हती. मला अण्णांची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. एवढ्यात कंडक्टर तिकिटाला आला आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"झकास हाय की शर्ट, गुरुजी. केवढ्याला घेतला?"

मी तिन्ही तिकिटांचे पैसे काढले आणि म्हणालो, "बाबा, आधी गेवराईला तर चल. किंमत सांगितली तर हितंच चक्कर येऊन पडशील."