काळ्या रंगाचा पहिला हात

गेल्या साली महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी आमच्या घरात एक गोष्ट घडली… वर्ष उलटलं, तरी मनातून जात नाही. म्हणून आज सांगते.

पाटोद्याच्या बाजारपेठेत आमचं किराणा-भुसाराचं दुकान. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि त्यांची बायको गिरजा. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणतो.

मला लग्नाआधीपासून एक नाद… बोटभर उंचीची मातीची माणसं रंगवायची; आम्ही त्यांना चित्रं म्हणतो. पाणी भरणारी बाई, तराजू धरलेला वाणी, हुक्का ओढणारे खानसाहेब. दरसाल महालक्ष्म्यांपुढं त्यांची आरास मांडायची. माझी रीत साधी होती. आधी चुन्याचा पांढरा हात, वर गेरू, हळद, नीळ, आणि शेवटी डोळे.

गिरजा हैदराबादेत वाढलेली. वडील तिकडं सरकारी कचेरीत कारकून, आणि शेजारी लाकडी खेळणी रंगवणारं बिऱ्हाड. तिथं बसून बसून ती शिकली. एका दुपारी माझं काम बघत म्हणाली, "अक्का, आधी पांढरा कशाला? आधी काळा लावून बघा की."

मी हसले. सणाच्या मूर्तींना कुणी काळं लावतं का?

तिनं करूनच दाखवलं. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात कालवली आणि आख्खं चित्र काळंभोर केलं. मग कुंचला रंगात बुडवून फडक्यावर पुसला, जवळजवळ कोरडाच, आणि वरच्या वर हलकेच फिरवला. उंचवट्यांना रंग लागला… लुगड्याच्या चुण्यांत, कोपराच्या वळीत अंधार तसाच राहिला. ते मातीचं चित्र एकदम अंगानं भरल्यासारखं दिसायला लागलं. मी तर बघतच राहिले.

मग आम्ही ठरवलं, त्या सालची सगळी आरास अशीच करायची. माणसं गिरजानं स्वतः घडवली. आख्खा श्रावण ती माती मळत होती. आमच्या गल्लीतली माणसं ओळखू यावीत इतकी ती हुबेहूब झाली होती. उन्हात वाळवलेली कच्ची माती, भाजलेली नव्हे. आत्याबाईंना मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, पुरी झाली की एकदमच दाखवू…

त्या दिवशी गिरजानं सगळ्यांना काळा हात दिला आणि ओसरीवर वाळत मांडली. नमुन्याचं एक चित्र घेऊन ती परसात उजेडाला रंगवत बसली. मी सणाची धुणी घेऊन नदीवर गेले होते. आत्याबाई देवळातून परतल्या आणि त्यांना ओसरीवर ओळीनं काळी माणसं दिसली.

मी धुणं घेऊन दारात पाय ठेवते, तर आत्याबाई बैलांच्या हौदापाशी उभ्या. हातात रिकामं सूप, ओसरी मोकळी. हौदातलं पाणी काळं झालेलं.

"आगं बया, उद्या लक्ष्म्या यायच्या अन् घरात ही काळी भुतावळ कशापायी मांडली? कुनाचं तोंड काळं करायचंय?"

आवाज ऐकून गिरजा परसातून धावत आली. "आत्याबाई, ते नुसतं अस्तर हाय… वरून रंग द्यायचा होता!" तिनं कोपरापर्यंत हात हौदात घातले. हाताला नुसता चिखल आला. ती रडली नाही. हात तसेच धरून उभी राहिली… ते मला जास्त लागलं.

आत्याबाई वाईट नाहीत हो. सणाच्या तोंडावर त्या भ्याल्या, एवढंच. मी आधी एक शब्द बोलून ठेवला असता तर…

परसातलं ते एक चित्र तेवढं वाचलं. जात्यावर दळणारी बाई. दुसऱ्या दिवशी मी हातापाया पडून गिरजाकडून ते पुरं करून घेतलं आणि माझ्या जुन्या चित्रांच्या मधोमध ठेवलं.

हळदीकुंकवाला बायका आल्या. तहसीलीतल्या पेशकारांच्या बेगमसाहेबाही दरसाल आरास बघायला येतात. त्या गिरजाच्या चित्रापुढं बसल्या, त्या उठेचनात. "या अल्ला, ये तो अब्बी उठके बात करेगी!"

ते ऐकून आत्याबाई वाकल्या. दळून थकलेला तो खांदा, पाठीवर ताणलेलं लुगडं… सगळं निरखलं. "ही कुनी केली?"

"गिरजानं," मी म्हटलं. "ही पण आधी काळीच होती, आत्याबाई."

त्या तिथंच खाली बसल्या. त्या दिवशी पुरणाच्या पोळीला त्यांनी हात लावला नाही.

यंदा पोळा झाला, तशा आत्याबाई स्वतः नदीकाठची माती घेऊन आल्या. दिव्याची काजळी खरवडून वाटीत जमवली आणि गिरजापुढं ठेवली. "घे बाई. तुला पायजे तेवढं काळं लाव. मी न्हाई काय बोलायची."

गिरजानं त्यांच्या पायाला हात लावला. "तुमी म्हनलात, लई झालं. पर आता कुंचला धरला की डोळ्यापुढं त्यो हौदच येतोय, आत्याबाई." आणि ती चुलीकडं निघून गेली. आत्याबाईंनी वाटी झाकून फडताळात ठेवली.

यंदाची आरास मी एकटीनं रंगवली, पहिल्यासारखीच, पांढऱ्यावर. वाळत मांडायला गिरजा आली, माझ्या शेजारी बसली. कुंचल्याकडं मात्र तिनं पाहिलंही नाही…

काळा हात द्यायला मला तिनंच शिकवलं. आता तो मला बऱ्यापैकी जमेलही. पण तिच्यादेखत ती वाटी उघडायला माझं मन होत नाही.