शिंप्याची पिशवी

रक्तपेढीत तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. तिच्याकडे प्लेटलेट्सची खोली होती. लाल रक्त फ्रिजमध्ये निवांत पडून राहतं. प्लेटलेट्सचे नखरे निराळे. त्यांना गारठा सोसत नाही आणि स्वस्थ पडणंही सोसत नाही. ना गार ना गरम अशा खोलीत, हलत्या फळ्यांवर त्या पिवळसर पिशव्या सतत डोलत ठेवायच्या. एवढे लाड करूनही पाच दिवसांत वापरल्या गेल्या नाहीत, तर फेकून द्यायच्या.

गल्लीच्या टोकाचा शिंपी प्लेटलेट्स द्यायला नेमाने यायचा. "सुईची भीती मला घालता?" म्हणत दंड पुढे करायचा. एकदा देऊन गेल्यावर पुढच्या आठवड्यात तो सहज डोकावला. "ताई, माझी पिशवी कुणाला लागली हो?"

"कामी आली," एवढंच म्हणायची तिथली रीत. पण त्याच सकाळी ताईनं ती पिशवी आपल्या हातानं टाकून दिली होती. "कुणालाच नाही, काका. तुमच्या गटाचा पेशंटच आला नाही. मुदत संपली."

शिंप्याचा चेहरा पडला. "असं होय," म्हणून तो निघून गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही.

"खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" नवरा म्हणाला. भाजी निवडता निवडता सासूबाईंनी री ओढली, "हिला कुठलं जमायला!" ताईला जेवण गेलं नाही. शिंप्याच्या दुकानावरून जाताना ती मान खाली घालू लागली.

एका दुपारी त्यानंच हाक मारली. आत दांडीवर शिवलेले कपडे लटकत होते. "हे बघा. न्यायला कुणी येत नाही. म्हणून हल्ली गिऱ्हाईक दारात उभं राहिल्याशिवाय मी कात्री चालवत नाही. तुम्हीही तसंच करा. गरज पडली की मला फोन करा."

"मला वाटलं, तुम्ही रुसलात."

"रुसलो होतोच की! चांगला दोन महिने."

ताईला हसू आवरेना.

थोड्याच दिवसांत त्याच्या गटाची एक मुलगी वॉर्डात भरती झाली. ताईनं फोन लावला. शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आला. त्याची पिशवी फळीवर जेमतेम डोलू लागली होती, तोच नर्स ती न्यायला दारात हजर झाली.