हापशाजवळचा कोबा

कोबा करणाऱ्या कंत्राटदाराने मला फसवलं आणि खापर मोर्चावर फोडलं. यातलं पहिलं मी एखादवेळेस पचवलंही असतं.

औद्योगिक वसाहतीत माझी पहिली शेड उभी राहिली ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज शहर सुरू, उद्या बंद. एक जुनी लेथ, ती चालवणारा एक कारागीर आणि मी, एवढाच कारखाना. पत्र्यापासून खिळ्यापर्यंत सगळं घासाघीस करून घेतलेलं. कोबा मात्र कन्नड तालुक्यातल्या या माणसाला बिनघोर दिला, कारण तो म्हणाला, "शेठ, पाणी मारायचं माझ्याकडं लागलं. तुम्ही निवांत ऱ्हावा."

कोबा घातला आणि दुसऱ्याच दिवशी शहर बंद झालं. मी उस्मानपुऱ्यात घरी अडकलो. आठवड्याने शेडवर गेलो तर कोबा पांढरा, कोरडा, गुळगुळीत.

"पाणी मारलं का?" मी कंत्राटदाराला गाठून विचारलं.

"व्हय तर! सकाळ-संध्याकाळ."

लेथ बसवली आणि थोड्याच दिवसांत कोबा पीठ सोडायला लागला. सकाळी झाडावं, दुपारी चपलांवर पुन्हा भुकटी. ती लेथच्या सरकत्या भागांत शिरून ओरखडे पडायला लागले, मापं चुकायला लागली. मी कंत्राटदाराला चहाच्या टपरीवर चारचौघांत गाठलं.

"टँकरच नाय आला शेठ, बंद होता," तो म्हणाला. "तुमच्याच लेथवाल्याला विचारा, मोर्चात तोच होता ना पुढं!"

टपरी हसली. कारागीर खरंच मोर्चात होता, मला सांगून गेला होता. त्या दिवसापासून जो तो त्याला हटकायचा, "काय राव, मालकाचा कोबा खाल्ला म्हणं तुम्ही!" त्याने मला एवढंच म्हटलं, "मालक, मोर्चात आम्ही होतो. हापशाला काय कुणी कुलूप लावलं नव्हतं."

हापसा शेडच्या दाराशीच होता. मी तडक कंत्राटदाराकडे गेलो.

"ते पाणी खारं हाय शेठ. त्यानं सिमेंट खाल्लं असतं."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तसाच परत फिरलो. पण ते डोक्यातून जाईना. सुट्टीच्या दिवशी मोठा खिळा घेतला आणि गुडघ्यांवर बसून कोबा खरवडत निघालो. जिथंतिथं खिळा रुतायचा, राखेसारखी रेघ उमटायची. दाराशी आलो आणि खिळा घसरला. जोर लावला तर नुसता बारीक चरा. हातोडी मारून पाहिली. इथं टण्ण वाजायचं, हातभर बाजूला बद्द. मला मजाच वाटायला लागली. टण्ण संपतं तिथं खडूने खूण करत गेलो. खुणा जोडल्या तर सुपाएवढा गोल.

गोल पाहिला आणि आठवलं. इथं गवंड्यांचं पिंप होतं. हातपाय धुवायला त्याच हापशावरून भरलेलं, बुडाशी गळकं. बंद लागला तेव्हा ते भरलेलं तसंच राहिलं आणि थेंब थेंब गळत बसलं. सगळ्या शेडमध्ये पाणी मिळालं ते तेवढ्याच तुकड्याला, आणि तेही खारंच!

दुसऱ्या दिवशी कारागिराच्या हाती खिळा दिला. त्याने खरवडून पाहिलं, हसला. "पिंपाला तरी लाज होती, मालक. पण टपरीवर कोण सांगणार?"

मी सांगितलं, ओरडून सांगितलं. लोक म्हणाले, मालक आपल्या माणसाची बाजू घेतो. टोमणे थांबले नाहीत. तो दुसरीकडे कामाला लागला. तसा हात मला परत मिळाला नाही.

पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. मीही कोबा उकरून नवा केला, दाराशीचा तो गोल तेवढा ठेवला. कंत्राटदार आता मोठाल्या शेड बांधतो, आणि कुणाचा कोबा उखडला की माझ्या कोब्याची गोष्ट सांगतो, मोर्चासकट.

त्याने एकदा माझ्या दाराशी यावं. खिळा मी देतो. आधी खरवडावं, मग त्याच टपरीवर उभं राहून, त्या कारागिराला समोर बोलावून सांगावं, कोबा कुणी खाल्ला?