पडद्याआडच्या मावशीचे पाच नंबर

"आण इकडं. तू बघ. मला मागनं सांग."

असं म्हणत दाराच्या जाड पडद्यातून दोन हात आत यायचे. थेटरात काळोख, तोंड काही दिसायचं नाही, नुसते ते हात, कोपरापर्यंत गोंदलेले. तुम्ही त्या वर्षांत लालबागला बायकांच्या बाजूला बसून पिक्चर बघितला असेल, तर तुमचं रडकं पोरही त्या हातांत गेलं असेल. तिचं तोंड तुम्हाला आठवणार नाही. हात आठवतील.

ती बायकांच्या बाजूची दारवाली. आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो, खरं नाव मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, पण ते आता.

मी मुळातच घाबरट. लग्न होऊन कोकणातून लालबागला आले तेव्हा गिरणीचा भोंगा वाजला तरी दचकायचे, पोलिसांची लॉरी दिसली की पोराला पदराखाली घ्यायचे. शिक्षण चौथीपर्यंत. थेटरात जायची तीसुद्धा चोरून. बुधवारी दुपारी बायकांचा खेळ असायचा, आणि बुधवारीच सासूबाई गिरगावात लेकीकडे जायच्या, म्हणून जमायचं.

पहिल्या दिवशी माझं पोर रडायला लागलं, मागच्या बायका च्क च्क करायला लागल्या, मी उठणार तेवढ्यात ते हात आले. मी पोर घट्ट धरलं. म्हटलं, कोण कुठली, घेऊन पळाली तर?

"खात नाही गं त्याला," पडदा बोलला. "दात तरी कुठं राहिलेत माझे."

शेजारच्या बाईने हसून माझ्या मांडीवरचं पोर उचललं आणि पडद्यात दिलं. खेळ सुटेपर्यंत माझा जीव पडद्याकडे. बाहेर आले तर पोर तिच्या खांद्यावर झोपलेलं, आणि ती विचारते, "हं, काय झालं शेवटी? घेतलं का सुनेला घरात?"

मग मला कळलं, हिने एकही पिक्चर धड बघितलेला नाही. दोन-चार मिनिटं आत डोकावणार, तेवढ्यात कुणाचं तरी पोर रडणार, की ही बाहेर. मधलं सगळं आम्ही सांगायचो. आम्ही बघायचो आणि तिला सांगायचो, आणि आमच्या सांगण्यातून ती पिक्चर जोडायची, गोधडी जोडतात तसा.

ती वरळीच्या बीडीडी चाळीतली होती. हे सासूबाईंना कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी मी घरी आले तर दारातच उभ्या. "खंय होतंस गो इतको येळ? आणि पोराक कोणाच्या हातात दिलंस? त्या वरळीवालीच्या?" विटाळ धुवायला मला पोरासकट नळावर पाठवलं. मी पोराला गार पाण्याखाली धरलं आणि ते थरथरायला लागलं. मला धुवायचं नव्हतं, पण सासूबाई बघत होत्या.

पुढच्या बुधवारी मावशीला मी काही बोलले नाही, पण तिला कसं कळलं कोण जाणे. पोर घेताना म्हणाली, "त्याचं फडकं दे आधी. फडक्यात गुंडाळून घेते. सासूला सांग, तिचा हात लागला नाही म्हणून." आणि हसली. मी फडकं दिलं. द्यायला नको होतं, म्हणायला पाहिजे होतं की राहू दे मावशी, तशीच घे.

आता नंबरांचं सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक भावोजी होते, फोर्टात क्लार्क. ते सिनेमाचा साप्ताहिक पेपर घ्यायचे. एकदा त्यात आलं की गेल्या वर्षीच्या पाच नट्या बक्षिसासाठी निवडल्यात. परीक्षक त्यांचे नंबर लावणार, आणि वाचकांनीही एक ते पाच नंबर लावून कुपन पाठवायचं. ज्याचे पाचही नंबर परीक्षकांशी जुळतील त्याला बक्षीस समारंभाला खुर्ची. आणि समारंभानंतर पहिल्या नंबरवालीचा पिक्चर, सगळ्या पाहुण्यांना, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी हे थेटराच्या पायरीवर मावशीला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

"पोरं असतात का तिथं?"

"कसली पोरं, मावशी? मोठे लोक येणार. पोरांना बंदी आहे, लिहिलंय."

"मग मला जायचंच," ती म्हणाली.

बायका हसल्या. एक म्हणाली, "अगं, कुठल्यापण थेटरात जाऊन बस की एक दिवस!" तर म्हणते, "बसले होते एकदा. शेजारचं पोर रडलं, उठले. सवय गं. जिथं पोरच नाही तिथंच मला बसता येईल."

आणि मग पायरीवर बसून तिने नंबर लावले. तुम्ही आम्ही कसे लावू? कोण सुंदर, कोण जास्त रडली. तिचं तसं नव्हतं. कुणाच्या वेळी किती पोरं रडली आणि किती आया उठल्या, यावर तिचा निकाल. आणि नट्यांना ती नावानं नाही, पिक्चरमधल्या कामानं ओळखायची.

"नाचणारी पाचवी. नाच झ्याक आहे, पण नाच लागला की झाडून सगळ्या आया पोरांना मुतवायला बाहेर. जहागीरदाराची सून चौथी. इतकं रडली पण काजळ जागचं हललं नाही. आमच्या चाळीत ये म्हणावं, रडायचं कसं ते दाखवते."

"आणि आंधळी?" आम्ही सगळ्या एकदम. आंधळीवर आमचा जीव होता. तीन रिळं रडवलं होतं तिने.

"आंधळी तिसरी."

"तिसरी?"

"गाण्यात जिना उतरते ती. पायरीला पाय अडखळला का एकदा तरी? पण आईचं तोंड चाचपते ना, तिथं चार पोरं रडली आणि दोनच आया उठल्या. म्हणून तिसरी. मास्तरीण दुसरी. शाळा सोडून जाताना फळा पुसते, आपल्याकडं पाठ करून. तोंडानं कुणीपण रडेल, तिची पाठ रडत होती."

पहिला नंबर तिने खानावळवालीला दिला. तो पिक्चर आमच्याकडे तीनच दिवस चालला होता, मग हरताळ पडला, थेटरला कुलूप, आणि उघडेपर्यंत रिळं दुसरीकडे गेलेली. माझ्या पोराला तेव्हा गोवर, मी बघितला नव्हता.

"ती पीठ मळत असते," मावशी सांगायला लागली, "आणि एक जण येऊन सांगतो, तुझा नवरा गेला, बोट बुडाली. ती बघते त्याच्याकडं. आणि मळतच राहते. पाणी घालते, मळते. बाहेर माणसं जेवायची थांबलेली असतात ना. त्या वेळी सात पोरं रडत होती, मोजली मी. मी हात पसरून उभी. एक आई उठेना. पोरच देईना कुणी! म्हणून तर तेवढं मला बघायला मिळालं."

"मग पुढं काय होतं?"

"तेच तर. ज्या आल्या होत्या त्यांना विचारलं, तर सांगताना त्याच रडतात. पुढचं मला माहीत नाही."

कुपन तिने माझ्या हातात दिलं. तिला लिहिता येत नव्हतं, आणि सगळ्यांत मला येत होतं म्हणून. "नीट लिही हं. आधी खानावळवाली, मग मास्तरीण, मग आंधळी." मी मान हलवली.

घरी आले, पोर झोपलं, आणि मी शाईची दौत घेऊन बसले, पण टाक कुपनाला टेकवायचा धीर होईना. एका बाईची खुर्ची माझ्या हातात. मी वर गेले आणि भावोजींना विचारलं. ते हसायलाच लागले.

"खानावळवाली? कोण म्हणतो? सगळ्या पेपरांत आलंय, आंधळीला मिळणार. शंभर टक्के. खानावळवालीला तिसरा मिळाला तरी नशीब."

भावोजी इंग्रजी शिकलेले. पेपरात आलेलं. आणि मावशी काय, दारात उभी राहून पोरं सांभाळणारी. मला वाटलं, बिचारीची खुर्ची जाईल. खरंच सांगते, मला तिचं वाईट करायचं नव्हतं, तिला ती खुर्ची मिळावी म्हणून माझा जीव तुटत होता. मी आंधळीला पहिली केली आणि खानावळवालीला तिसरी. बाकीचे नंबर तिचेच ठेवले. जो पिक्चर मी बघितलासुद्धा नव्हता त्याचा नंबर मी खाली ढकलला. नावाच्या जागी 'मावशी' लिहिलं, तिने सांगितलेला वरळीचा पत्ता घातला, आणि रस्त्यावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत मोर्चा चालला होता त्याच्या कडेकडेने, पोराला छातीशी धरून, धावत जाऊन पेटीत टाकलं. एवढी घाबरट मी, पण त्या दिवशी गेले. मला वाटत होतं मी केवढं मोठं काम करतेय.

निकाल आला तो भावोजींनीच आणून दिला. पेपर ठेवला आणि जिना चढून गेले.

खानावळवाली. मास्तरीण. आंधळी. सून. नाचणारी.

मी पायरीवर मावशीला वाचून दाखवलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ती प्रत्येक नावाला एक बोट मिटत होती, आणि पाचवं बोट मिटलं तशी मूठ तोंडावर धरून हसायला लागली, लहान पोरीसारखी. "जुळलं गं! सगळं जुळलं! आता पत्र येईल, नाही?"

मी म्हटलं, "येईल."

पंधरा दिवस ती येईल त्या बाईला विचारायची, पोस्टमन बीडीडीत किती वाजता येतो, दुसऱ्या कुणाच्या दारात टाकत असेल का. बहिणीकडून इस्त्रीचं पांढरं लुगडं आणून ठेवलं होतं. मग पेपरात नाव आलं, फणसवाडीतल्या कुणा बाईचं.

मावशीने पाच बोटं पुन्हा एकदा मोजली. मग मला विचारलं, "तू टाकलं होतंस ना पेटीत?"

"टाकलं, मावशी. देवाशपथ."

आणि ते खरंच होतं. खरं बोलूनसुद्धा माणूस इतकं खोटं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग पोस्टात गहाळ झालं. काय दिवस आहेत! पेटीच फोडली असेल कुणी." माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून उलट मलाच समजवायला लागली. "रडू नको, खुळी का काय! आधी मुंबई मिळू दे, मग खुर्चीचं बघू. आणि फणसवाडीची ती, तिचीपण पोरं असतील की गं. बसेल बिचारी निवांत एक दिवस."

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. तिने मला मारलं नसतं, शिवी दिली नसती. चाळीतल्या शेजारणीला मी सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली, "सांगून टाक, मोकळी होशील." पण दर बुधवारी मी ठरवून जायची आणि ती विचारायची, "हं, काय झालं शेवटी?" आणि मी पिक्चरचं सांगायची, माझं नाही. मग मी जाणंच कमी केलं. दुसऱ्या वेळी दिवस गेले, ते एक निमित्त झालं. रस्त्यात एकदा लांबून दिसली तर मी गल्लीत वळले.

पोरगी झाली. मग मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला. लालबागला इतके दिवे, इतकी तोरणं, सासूबाईंनी स्वतः शेजाऱ्यापाजाऱ्यांना साखर वाटली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी थेटरवर पाटी लागली, खानावळवालीचा पिक्चर परत आलाय.

मी ठरवलं. सगळं सांगायचं, पायावर डोकं ठेवून. आणि तिला माझ्या शेजारी बसवायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि दारात मी उभं राहायचं. त्या दिवशी रडणाऱ्या सगळ्या पोरांना मी घेणार होते. फडकं नेलं नाही मुद्दाम.

दारात दुसराच माणूस होता, विडी कानाला लावलेला. मी मावशीला विचारलं.

"ती वारली ना, बाई. गेल्या हिवाळ्यात. छातीत पाणी झालं होतं. जाताय का आत? मागं लाईन आहे."

मी आत गेले. का गेले माहीत नाही, पाय गेले. पोरगी मांडीवर.

ती पीठ मळत होती. तो माणूस आला, सांगितलं, आणि ती त्याच्याकडे बघते, आणि खाली बघते, आणि मळायला लागते. पाणी घेते, मळते. तिचे हात. मी दुसरं काही बघतच नव्हते, तिचे हातच बघत होते.

"ओ बाई!" मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. "पोर रडतंय तुमचं, कधीचं!"

पोरगी रडून रडून लाल झालेली, आणि मला ऐकूच आलं नव्हतं. मी उठले नव्हते. मान वळवून मी पडद्याकडे बघितलं. पडदा सरळ खाली लोंबत होता.

मी पोरीला छातीशी घेऊन शेवटपर्यंत बसले.

मावशी, पुढचं सांगते. तो निरोप खराच असतो, नवरा येत नाही. ती खानावळ बंद करत नाही. सगळा पिक्चरभर ती उभी असते, वाढत असते, एकदासुद्धा बसत नाही. आणि अगदी शेवटी, सगळे जेवून उठल्यावर, रोज येणारा एक म्हातारा गिऱ्हाईक तिचा हात धरून तिला बाकावर बसवतो. ताट मांडतो. आणि ती नको नको म्हणते, उठायला बघते, आणि मग बसते.